खडकवासल्याच्या पाण्यावर उभा राहिलेला रंगमंच

पहिला टँकर आम्ही परत पाठवला. टँकरवाले दादा नाराज झाले आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती, कारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात दहा हजार लिटर पाणी घेऊन दारात आलेला टँकर कोणी माघारी लावत नाही. पण नळीच्या तोंडाशी धरलेल्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ७८० दिसत होता आणि माझ्या शेजारी उभे असलेले आमचे प्रमुख, म्हणजे पुण्यात येणाऱ्या एका परदेशी स्केटिंगच्या संचासाठी करायच्या संपूर्ण बर्फाची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते साठीच्या घरातले कॅनेडियन गृहस्थ, एक शब्दही न बोलता नुसती मान हलवत होते. ते बोअरचे पाणी होते. पाणी गोठताना आपल्या स्फटिकात क्षारांना जागा देत नाही, त्यांना पुढे पुढे ढकलत नेते. आणि स्केटिंगच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानात, थंडावा खालून येत असल्यामुळे बर्फ खालून वर गोठत जातो. म्हणजे ढकलले गेलेले सगळे क्षार शेवटी वरच्या पृष्ठभागावर, नेमके जिथून स्केटचे पाते जाणार तिथेच गोळा होतात. असा बर्फ दुधाळ दिसतो, मऊ राहतो आणि कड लावून वळणाऱ्या स्केटरला ऐन वेळी दगा देतो. दुपारी दुसरा टँकर आला तो खडकवासला धरणाच्या, शुद्धीकरण केलेल्या पाण्याचा. मीटर शंभराच्या आत थांबला, प्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि परदेशातून आलेल्या त्या स्केटिंगच्या प्रयोगांसाठी खडकवासल्याचे पाणी मुक्रर झाले.

माझे रोजचे काम शीतगृहांचे आहे. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी कोल्ड स्टोअरेजचे आराखडे करते आणि उभारणीच्या वेळी जागेवर जाते. माझे बाबा पुण्यातल्याच एका बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षे ऑपरेटर होते, त्यामुळे अमोनियाचा वास आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी या दोन गोष्टी मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत आहेत. एक परदेशी स्केटिंगचा संच दौऱ्यावर पुण्यात येणार आहे, शहराच्या पश्चिमेला एका मैदानावर मोठा मांडव घालून तिथे दहा दिवस प्रयोग होणार आहेत, आणि त्यांच्या बर्फाच्या तुकडीला शीतकरण समजणारे, मराठीत कामगारांशी आणि इंग्रजीत पाहुण्यांशी बोलू शकणारे स्थानिक माणूस हवे आहे, असे कळले तेव्हा मी साठवलेली सगळी रजा एकदम टाकली. पुढच्या तीन आठवड्यांत जे पाहिले आणि हातांनी केले, ते विसरण्याआधी लिहून ठेवावे म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे नाटकाचा दौरा निघतो तेव्हा नेपथ्य गाडीवर चढते, कपडेपटाचे पेटारे चढतात, माणसे चढतात. रंगमंच मात्र ज्या त्या गावचा असतो. बालगंधर्वचा वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, आणि नटमंडळी त्या त्या मापात स्वतःला बसवून घेतात. या संचाचे उलटे आहे. तो आपला रंगमंच सोबत घेऊन फिरतो. थंडावा तयार करणारे यंत्र म्हणजे चिलर, पंप, नळ्यांच्या गुंडाळ्या, पाणी गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलची पिंपे, कडेच्या फळ्या हे सगळे कंटेनरमधून येते. पाणी तेवढे ज्या त्या गावचे. अमेरिकेत बर्फावरचे फिरते खेळ १९३० च्या दशकापासून होत आहेत, आइस फॉलीज १९३६ मध्ये आणि आइस कपेड्स १९४० मध्ये सुरू झाले, पण १९४३ मध्ये ओहायोतल्या टोलेडो इथे सुरू झालेल्या हॉलिडे ऑन आइसने उचलून नेता येणारी रिंक वापरली आणि ज्या गावात बर्फाची रिंकच नाही तिथेही हा खेळ नेणे शक्य झाले. एप्रिलमधले पुणे हे अशा गावांच्या यादीत फार वर असायला हवे.

मैदानावर आधी मुरूम टाकून रोलर फिरवला गेला, त्यावर वाळू, वाळूवर प्लायवूड. लेव्हल पाहण्यातच एक अख्खा दिवस गेला. पाणी स्वतःची पातळी स्वतः शोधते, त्यामुळे खालची जमीन एका कोपऱ्यात अर्धा इंच उतरली तर त्या कोपऱ्यात बर्फ अर्धा इंच जाड होतो, आणि जाड बर्फ वरून उबदार राहतो; एकाच रिंकवर मग दोन प्रकारचे बर्फ तयार होतात. प्लायवूडवर थंडावा खाली जाऊ नये म्हणून फोमचे जाड तक्ते, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर काळ्या रबरी नळ्यांच्या चटया शेजारी शेजारी उलगडल्या. या नळ्यांतून उणे दहा-बारा अंशांचे ग्लायकॉलमिश्रित पाणी अखंड फिरत राहते. बाबांच्या कारखान्यात हेच काम मिठाचे पाणी करत असे. अंगणात पॉटचे आइस्क्रीम फिरवताना बर्फात खडे मीठ घालतात ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी: मिठाचे पाणी शून्याच्या खालीही पातळच राहते.

जगातली यंत्राने गोठवलेली पहिली रिंक जॉन गॅमजी यांनी जानेवारी १८७६ मध्ये लंडनमध्ये उघडली. तिच्या तळाला काँक्रीट होते, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या, आणि त्यावर तांब्याच्या नळ्या. मी हे जेवताना बाबांना सांगितले, तेव्हा त्यांना गाईच्या केसांचे जराही नवल वाटले नाही. ते म्हणाले, “आम्ही लादीला भुसा लावायचो, त्यांनी केस लावले. हवा धरून ठेवणारं काहीही चालतं.” दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनची आणि आमच्या स्वयंपाकघराची अशी एका वाक्यात गाठ पडलेली पाहून मला फार बरे वाटले.

आमची रिंक ऐंशी फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होती, म्हणजे चार हजार चौरस फूट, आणि बर्फाची जाडी दोन इंच. हिशेब केला तर हे सतरा हजार लिटरांच्या आसपास पाणी होते. दोन टँकरांत सगळा रंगमंच बसतो, ही गोष्ट मी त्या दिवसांत ज्याला त्याला सांगत होते. ते गोठवायला किती शीतकरण लागते हे सांगताना एक आवडीची माहिती देण्याचा मोह आवरत नाही. आपण घरात दीड टनाचा एसी बसवतो, तो ‘टन’ हा बर्फाचाच टन आहे. दोन हजार पौंड, म्हणजे ९०७ किलो पाणी शून्य अंशाला चोवीस तासांत गोठवण्याइतके जे शीतकरण, ते एक टन. एसीच्या दुकानात रोज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दात बर्फाच्या कारखान्यांचा जमाना अजून शिल्लक आहे.

पाणी एकदम ओतून बर्फ होत नाही. म्हणजे होतो, पण त्यावर कोणी स्केटिंग करू शकणार नाही. तो फवारत, थरावर थर चढवत न्यावा लागतो. एक थर पूर्ण धरला की पुढचा. दिवसा मांडवाचे छत तापून खाली धग टाकत असल्यामुळे हे सगळे काम रात्री चालायचे. दहा वाजता सुरुवात करायची आणि पाखरे बोलू लागली की थांबायचे. बारीक फवाऱ्याची नळी हातात धरून मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाठमोरी चालत जायचे, मागोमाग एक कामगार नळी ओढत यायचा, कारण नळी बर्फावर एका जागी पडून राहिली तर तिचा ओरखडा उमटतो. काळ्या नळ्या दिसेनाशा होण्याइतका बर्फ चढला की खडूच्या भुकटीसारखा पांढरा रंग पाण्यात कालवून त्याचा थर देतात, आणि त्याच्यावर पुन्हा साधे पाणी. दुसऱ्या रात्री माझ्या हातून इथेच चूक झाली. रंगावरचे पहिले दोन-तीन थर नुसत्या धुक्यासारखे द्यायचे असतात, रंग बर्फात बंद होईपर्यंत हात आखडताच ठेवायचा असतो. मी मात्र थकव्याने एका कोपऱ्यात क्षणभर जास्त रेंगाळले, पाणी साचले, रंग सुटून वाहिला आणि तिथे टोपलीएवढा करडा डाग पडला. प्रमुख रागावले नाहीत. त्यांनी गुडघ्यावर बसून तो भाग खरवडला, पुन्हा रंगवला आणि उरलेली रात्र नळी त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली. पहाटे चहा पिताना ते म्हणाले की हे काम शिकायला त्यांना चार हिवाळे लागले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री नळी पुन्हा माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्केटर बर्फावर आले. वीस-बावीस जण होते, बहुतेक विशीतले, काही आपापल्या देशात स्पर्धा खेळून आलेले. स्पर्धेची रिंक साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असते. आमची क्षेत्रफळाने तिच्या जेमतेम एक पंचमांश. उडी घेण्याआधी वेग धरायला लागणारी लांब वळणे इथे मिळत नाहीत, म्हणून त्यांनी पहिला तासभर काहीही न करता नुसत्या फेऱ्या मारल्या, कडेच्या फळ्यांपासूनचे अंतर अंगात मुरवत राहिले. मग एकेक करून उड्या सुरू झाल्या. अॅक्सल ही मुख्य उड्यांपैकी एकच उडी तोंड पुढे करून घेतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त पडते, हे मला तिथे समोर पाहताना समजले. ती नॉर्वेच्या अॅक्सल पॉल्सन यांनी १८८२ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा करून दाखवली होती. उडीवरून उतरणाऱ्या माणसाचा सगळा भार, तोही त्याच्या वजनाच्या कित्येक पटींनी, एका पायाच्या चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पात्यावर येतो. त्या पात्याच्या मधोमध उभी पन्हळ घासलेली असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात, आणि पुढे दात असतात. बर्फाने या कडेला आत शिरू द्यायचे आणि तरी फुटायचे नाही, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असते.

म्हणूनच नृत्याच्या स्केटिंगचा बर्फ आइस हॉकीच्या बर्फापेक्षा थोडा उबदार ठेवतात. हॉकीला उणे पाच-सहा अंशांचा टणक बर्फ हवा असतो. आमचा पृष्ठभाग उणे तीन ते चारच्या दरम्यान ठेवायचा होता. एका अंशाने काय बिघडते असे मला शीतगृहाच्या सवयीमुळे वाटायचे, कारण आमच्या बटाट्यांना एक अंश सहन होतो. इथे होत नाही. बर्फ जास्त थंड झाला की दात रोवताच त्याचे टवके उडतात. जास्त उबदार झाला की पाते रुतते आणि गिरकी मंदावते. बर्फ निसरडा असतो तो त्याच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा हलणारा अतिशय पातळ थर असतो म्हणून. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच असे मांडले होते, आणि पात्याच्या घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. नुसत्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून स्केट घसरते, असे मी डिप्लोमाला असताना शिकले होते. ते स्पष्टीकरण पुरे पडत नाही, कारण दाबाने वितळणबिंदू फारच थोडा खाली येतो.

पडद्यामागच्या जगात माझे दुसरे घर म्हणजे कपडेपट. तिथे स्थानिक मदतीला आलेल्या मावशी अनेक वर्षे मराठी नाटकांच्या दौऱ्यांवर कपडे सांभाळत आलेल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्याने कुठेही अडले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट हेरली की इथे कपडे बदलताना बूट काढायला वेळ नसतो. एका प्रवेशातून दुसऱ्या प्रवेशात जायला मिनिटसुद्धा मिळत नाही, त्यामुळे पायजम्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चेन असते आणि तो धारदार पात्यावरून चढवावा लागतो. मावशींनी जुन्या साडीचे पट्टे फाडून ठेवले, पात्यावर ते आधी गुंडाळायचे आणि मग कपडा चढवायचा. पहिल्या दोन प्रयोगांत तीन शिवणी फाटल्या होत्या, नंतर एकही नाही. बर्फापासून कपडेपटापर्यंत सगळीकडे रबरी पट्ट्या अंथरलेल्या होत्या, कारण खडीचा एक कण पात्याखाली आला तरी धार जाते. आणि प्रत्येक प्रवेशानंतर स्केटर खुर्चीवर बसून पाते फडक्याने कोरडे करत, नाहीतर ओल्या पोलादाला रात्रीत गंज धरतो. बर्फाजवळ स्वेटर लागेल इतका गारवा आणि पडद्याच्या या बाजूला अडतीस अंश, अशा ठिकाणी बूट वाळवणे हेही एक स्वतंत्र काम होते.

टिकलीची गोष्ट मावशींमुळेच कळली. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगानंतर मी बर्फ तपासत असताना मला मध्यभागी एक काळा ठिपका दिसला. एका पोशाखावरची काळी टिकली पडली होती. दिव्यांची उष्णता काळ्या रंगाने शोषून घेतल्यामुळे ती स्वतःभोवतीचा बर्फ वितळवत खाली उतरली होती, आणि तिच्या वर एक लहानशी, हरभऱ्याएवढी खळगी तयार झाली होती. बोट फिरवल्याशिवाय कळली नसती. गिरकी घेणाऱ्या माणसाचे पाते त्या खळगीत गेले असते तर काय झाले असते हे मी मावशींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी सगळे पोशाख एका दोरीवर टांगले आणि प्रत्येक टिकली, प्रत्येक मणी बोटाने ओढून पाहिला; सैल निघाली ती तिथेच पक्की शिवली किंवा कापून टाकली. पुढे रोज प्रयोगाआधी त्या स्केटरांच्या केसांतले आकडे मोजत आणि परत आल्यावर पुन्हा मोजत. एका मुलीचा एक आकडा कमी भरला तेव्हा मध्यंतरात आम्ही पाच जण विजेऱ्या घेऊन बर्फावर वाकलो होतो. तो तिच्याच कॉलरमध्ये सापडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मध्यंतर हा आमचा, म्हणजे बर्फवाल्यांचा प्रवेश. नाटकाच्या मध्यंतरात प्रेक्षक बटाटेवड्याकडे धावतात, इथेही धावले, पण रोज शे-दोनशे माणसे जागेवरच बसून आमच्याकडे पाहत राहायची. उड्यांच्या जागी दातांनी पडलेले खड्डे आम्ही बर्फाच्या ओल्या चुऱ्याने भरायचो. गोळेवाला किसतो तसाच चुरा बादलीत पाणी घालून कालवायचा, मुठीने खड्ड्यात दाबायचा आणि हाताने सपाट करायचा. त्यानंतर कडेपासून कडेपर्यंत बर्फ खरवडायचा आणि शेवटी चाकांवरचे पिंप ओढत गरम पाण्याचा हात द्यायचा. पिंपाच्या मागे आडवी नळी आणि तिला गुंडाळलेले ओले जाड कापड असते. पाणी गरम का, हा प्रश्न पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला रेलिंगवरून वाकून विचारला होता. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते म्हणून बर्फ स्वच्छ आणि घट्ट होतो, आणि ते खालचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. आजोबांना मी उभ्या उभ्या हे सांगितले आणि त्यांनी शेजारच्या नातवाला ते पुन्हा समजावून सांगितले.

हे काम करणाऱ्या मोठ्या यंत्राला आमच्या मांडवात जागा नव्हती. त्या यंत्राचा इतिहास मात्र मी त्या रात्रींमध्ये प्रमुखांकडून ऐकला आणि नंतर वाचून पक्का केला. फ्रँक झांबोनी आणि त्यांच्या भावाचा कॅलिफोर्नियात बर्फाच्या लाद्यांचा कारखाना होता, १९२७ पासूनचा. घरोघरी फ्रिज आले, लाद्यांची मागणी घटली, तेव्हा हाताशी असलेले कसब वापरून त्यांनी पॅरामाउंट गावात स्केटिंगची रिंक बांधली. ती १९४० मध्ये सुरू झाली. बर्फ सारखा करायला तीन-चार माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा, म्हणून झांबोनींनी अनेक वर्षे खटपट करून १९४९ मध्ये एका माणसाने चालवायचे यंत्र बनवले. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवलेल्या सोन्या हेनी त्या रिंकवर सरावाला येत असत. त्यांनी ते यंत्र पाहिले आणि आपल्या फिरत्या खेळासाठी मागवले. शिकागोच्या प्रयोगाला ते वेळेत पोहोचावे म्हणून झांबोनी सुटे भाग गाडीवर लादून घेऊन गेले आणि तिथे जाऊन त्यांनी ते जोडले. लादीचा कारखाना मोडकळीला आल्यावर त्यातून रिंक उभी राहते, ही गोष्ट मी बाबांना दोनदा सांगितली. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्या जागी गोदाम झाले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. दुपारपासून हवा कोंदली होती, सिंहगडाच्या बाजूला आभाळ काळे झाले होते, आणि पहिल्या प्रवेशाच्या वेळी गारांसकट पाऊस कोसळला. मांडव भक्कम होता, गळले कुठेच नाही. पण बाहेर उभे असलेले उशिरा आलेले प्रेक्षक ओल्या कपड्यांनी एकदम आत शिरले, दारांचे पडदे उघडेच राहिले, आणि ती उबदार ओली हवा बर्फावर येताच धुके धरले. आधी घोट्याइतके, मग गुडघ्याइतके, आणि दहा मिनिटांत कमरेइतके. प्रेक्षकांना तो प्रयोगाचाच भाग वाटला आणि टाळ्या पडल्या, पण स्केटरला स्वतःचे पाय दिसत नव्हते, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे दुसऱ्याचे पायही दिसत नव्हते. दोन मुले एकमेकांच्या अगदी अंगावरून गेली तेव्हा प्रमुखांनी हात वर केला आणि संगीत थांबले. आम्ही दारांचे पडदे बांधले, पंखे फिरवले, तरी धुके हलेना. थंड हवा जड असते, ती बर्फाला बिलगूनच बसते.

तेव्हा प्रमुख कपडेपटात आले आणि मला म्हणाले की चादरी हव्या आहेत, जेवढ्या असतील तेवढ्या. १९७५ मध्ये अमेरिकेत बफेलोला मे महिन्यात हॉकीचा सामना चालू असताना असेच धुके धरले होते आणि तिथल्या माणसांनी बर्फावर चादरी फिरवून ते हटवले होते, हे त्यांनी मला धावता धावता सांगितले. मावशींनी प्रश्न विचारला नाही. पेटाऱ्यांवर झाकायच्या पांढऱ्या चादरी त्यांनी भराभर ओढून काढल्या, आणि दोन दोन स्केटर एकेक चादर शिडासारखी मधे ताणून बर्फावर निघाले. आठ जोड्या, आठ चादरी. त्या गोल फिरत राहिल्या, त्यांच्या मागे धुक्याची वळी उठत आणि विरत गेली, आणि दोन-तीन मिनिटांत मध्यभागचा बर्फ पुन्हा पांढरा स्वच्छ दिसू लागला. मांडवात एकही माणूस बोलत नव्हता. पुण्याचा प्रेक्षक चोखंदळ म्हणून ओळखला जातो. त्या रात्री त्याने चादरी घेऊन परत येणाऱ्या त्या मुलामुलींना उभे राहून टाळ्या दिल्या, आणि माझ्या मते त्या दहा दिवसांतली ती सगळ्यात रास्त दाद होती. उरलेल्या प्रयोगात अवघड उड्या गाळल्या गेल्या. तो निर्णयही प्रमुखांचा, आणि तो घ्यायला त्यांनी निमिषभरही घालवले नाही.

एक गोष्ट मला खटकली, तीही लिहिते. मराठी नाटकात तिसऱ्या घंटेच्या आधी निवेदनात नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था यांची नावे घेतात. इथे निवेदनात स्केटरांची नावे होती, संगीताचे नाव होते, दिव्यांचे होते. बर्फ करणाऱ्यांचे नव्हते. मी हे व्यवस्थापनातल्या एका बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी मनापासून खेद व्यक्त केला आणि पुढे काही बदलले नाही. माझ्या नावाचा मला आग्रह नव्हता. पण तीस वर्षे गावोगावचे पाणी गोठवत फिरणाऱ्या माणसाचे नाव एकदा तरी त्या भोंग्यातून ऐकू यायला हवे होते.

आठव्या दिवशी मी बाबांना घेऊन आले. वयामुळे त्यांना आता फार वेळ बसवत नाही, म्हणून त्यांना पडद्याच्या कडेला, मावशींच्या शेजारी खुर्ची दिली. कारखान्यात ते लादीवर लोखंडी आकडा ठोकून आवाजावरून सांगायचे की मधला भाग धरला आहे की अजून पाणी आहे. इथे ते डोळे मिटून ऐकत बसले. तिसऱ्या प्रवेशात मला जवळ बोलावून म्हणाले, “अगं, आवाज किनरा यायला लागलाय. जास्त थंड होतोय.” मी मीटर पाहिला, पृष्ठभाग उणे साडेपाचवर आला होता, वळवाच्या पावसाने हवा गार झाली होती आणि चिलर मात्र भर उन्हाळ्याच्या हिशेबाने चालला होता. धावत प्रमुखांकडे गेले तर त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच ग्लायकॉलचे तापमान वाढवले होते. दोन इंचांच्या बर्फाला वरपर्यंत ते कळायला वेळ लागतो, एवढेच. त्यांना कसे कळले म्हणून विचारले, तर त्यांनी कानाकडे बोट दाखवले. प्रयोगानंतर मी दोघांची ओळख करून दिली. प्रमुखांना मराठी येत नव्हते आणि बाबांचे इंग्रजी कारखान्यापुरते होते, पण अमोनिया, प्रेशर, पंप, गॅस्केट एवढ्या शब्दांवर त्यांचा अर्धा तास छान गेला, आणि मी दुभाषी म्हणून उभी होते तिची त्यांना फारशी गरज पडली नाही.

रंगमंच मोडायला एक रात्र पुरली. शेवटच्या प्रयोगानंतर प्रेक्षक बाहेर पडताच नळ्यांतून कोमट ग्लायकॉल सोडले, बर्फ खालून सुटला, आणि कामगारांनी पहारींनी त्याचे तुकडे केले. फावड्यांनी ते मांडवाबाहेर लोटले. पहाटेपर्यंत त्यांचे पांढरट पाणी होऊन ते चरातून वाहून गेले. मावशी पोशाखांच्या पेटाऱ्यांवर त्याच चादरी, धुऊन वाळवलेल्या, नीट खोचत होत्या. कंटेनर भरण्याचा क्रम ठरलेला असतो: कपडे आणि कडेच्या फळ्या आधी, मग चटया, आणि चिलर सगळ्यात शेवटी, कारण पुढच्या गावात तो सगळ्यात आधी उतरवावा लागतो. साडेपाचला दारे बंद झाली. प्रमुखांनी माझ्याकडे एक कागद दिला, त्यावर पुढच्या शहरातल्या टँकरवाल्याचा क्रमांक होता, आणि मराठीत बोलून एवढेच विचार म्हणाले की पाणी धरणाचे आहे की बोअरचे. एवढ्या पहाटे कोणी फोन उचलेल असे वाटत नव्हते, पण दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. मी नमस्कार करून विचारले, “दादा, तुमच्या पाण्याचा टीडीएस किती येतो?”